कोरड्या बोअरच्या गावाला: मिलफर्ड, युटा

सॉल्ट लेक सिटीहून दक्षिणेला तीनेक तास गेलं की बीव्हर लागतं. तिथे हायवे सोडून पश्चिमेला वळलो आणि पन्नास किलोमीटरमध्ये झाडं दिसेनाशी झाली. उरलं ते सेजचं करडं खुरटं झुडूप, लांबवर मिनरल पर्वताची रांग आणि तिच्या पायथ्याशी पसरलेलं सपाट माळरान. लेक गाडी चालवत होती. "बाबा, लोक युटात येऊन लाल दगडांच्या कमानी बघतात," ती म्हणाली. मला मात्र जमिनीतली भोकं बघायची होती.

माझे वडील बोअरवेलचा धंदा करायचे. रिग, कॉम्प्रेसर, हॅमर, केसिंग हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. आमच्या घरी दोनच बातम्या असायच्या: पाणी लागलं किंवा बोअर कोरडं गेलं. कोरडं गेलं की त्या दिवशी वडील जेवताना बोलत नसत. म्हणून जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करता यावी यासाठी अमेरिकेचं सरकार मुद्दाम कोरड्या खडकात बोअर मारतंय, आणि तेही दीड मैलाहून खोल, हे वाचलं तेव्हापासून ती जागा बघायचीच असं मनात होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो योग आला.

आधी ओपल माउंडला थांबलो. गरम पाण्यातून शेकडो वर्षं साचलेल्या सिलिकाचा हा लांबट उंचवटा आहे. पायाखाली पांढरट, मध्येच गुलाबी झाक असलेले थर. इथे रूझवेल्ट हॉट स्प्रिंग्ज नावाचे झरे होते. १९६६ पर्यंत ते आटले, पण खालची उष्णता तिथेच आहे. या उंचवट्याच्या रेषेत जमिनीत एक भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा आहे आणि इथली सगळी गोष्ट त्या भ्रंशात आहे. पूर्वेला खडक भेगाळलेला, भेगांत निसर्गतःच गरम पाणी. त्या पाण्यावर ब्लंडेल नावाचं वीजकेंद्र १९८४ पासून चालतंय. २००७ मध्ये तिथे दुसरा संच बसवला. पहिल्या संचाला वाफ देऊन जे गरम पाणी उरतं, त्यातूनही तो वीज काढतो. पश्चिमेला तसाच तापलेला ग्रॅनाइट, पण सलग, घट्ट, पाण्याला वाट नाही. एकाच माळावर एकीकडे पाणी लागलेलं बोअर आणि दुसरीकडे कोरडं.

पृथ्वीवर पूर्वेसारख्या जागा थोड्या आहेत, पश्चिमेसारख्या मात्र जवळजवळ सगळीकडे आहेत. पुरेसं खोल गेलं की खडक तापलेला मिळतोच; एका भोकातून पाणी आत सोडायचं आणि तापलेलं दुसऱ्यातून वर आणायचं. प्रश्न फक्त तिथवर पोचायला किती पैसे लागतात याचा. वीज तयार करायला लागणारी उष्णता फुकट आहे. खर्च आहे तो भोकाचा.

भ्रंशाच्या पश्चिमेला, मिलफर्डपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, फोर्ज नावाचा प्रकल्प आहे. पैसा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा, कारभार युटा विद्यापीठाकडे. २०१८ मध्ये नेवाडातल्या फॅलनला मागे टाकून ही जागा निवडली गेली आणि १४ कोटी डॉलरपर्यंत निधी जाहीर झाला. इथे वीज तयार होत नाही, व्हायचीही नाही. ही भोकं पाडायला शिकण्याची प्रयोगशाळा आहे. लेकीच्या विद्यापीठातल्या एका गटाबरोबर आम्हाला आत जाता आलं. हेल्मेट, पिवळं जाकीट, सुरक्षेच्या सूचना, मग खडीचं मैदान. त्यावर कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी झडपांचे बुंधे. बघायला एवढंच. पण त्यातल्या एकावर '१६ए' लिहिलेलं दिसलं आणि मी तिथेच थांबलो.

१६ए या बोअरचं काम ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. आधी सरळ खाली, मग हळूहळू वळत उभ्या रेषेपासून ६५ अंश तिरकं. एकूण लांबी सुमारे ३,३५० मीटर. तळाचा ग्रॅनाइट सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास. सरळ भोक पाडताना ते वाकडं गेलं तर वडील अस्वस्थ व्हायचे. इथे एवढ्या तापलेल्या, एवढ्या कठीण खडकात मुद्दाम वळवलंय. तिरकं गेल्याने खडकातल्या जास्तीत जास्त भेगा आडव्या कापता येतात, हे वाहत्या गरम वाऱ्यात माहिती देणाऱ्या तरुण भूभौतिक अभ्यासकाने समजावलं.

मग त्याने एक जुनी बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, हातात दिली. पीडीसी बिट. ओळख पटायला वेळ लागला नाही, पण आमच्याकडची बटन बिट खडक ठोकून फोडते, ही कृत्रिम हिऱ्याच्या चकत्यांनी तो कापत जाते. १९७० च्या दशकात या चकत्या आल्या, तेव्हा भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेच्या, विहिरींसाठी त्यांच्यावर सरकारी पैशातून काम करणाऱ्यांत सँडिया प्रयोगशाळा होती. पुढे तेल आणि वायूच्या धंद्याने त्या उचलल्या, सुधारल्या आणि आता त्या पुन्हा ग्रॅनाइटवर आल्या आहेत. बिटीचं महत्त्व का, ते ज्याने रिग चालवलीय त्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे फुटावर दर असतो, तर इथे रिगचं भाडं दिवसावर. तीन किलोमीटर खाली बिट घासली तर सगळे पाईप वर काढा, बिट बदला, पुन्हा सोडा. खडक एक इंचही पुढे सरकत नाही आणि भाडं चालूच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा चमू इथे ड्रिलिंगवाल्यांबरोबर बसला. बिटीवर वजन किती द्यायचं, ती नेमकी कशाने खराब होते, वेग कुठे अडतो, हे त्यांनी चालू कामात आकडे बघून ठरवलं. प्रत्येक वाचलेला दिवस म्हणजे विजेच्या दरातून उतरलेला पैसा.

इथे मला फेंटन हिल आठवलं. आदल्या वर्षी न्यू मेक्सिकोत असताना लॉस अलामॉसवरून वर चढत, वायेस काल्देरा या जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यातल्या अफाट कुरणाच्या कडेने गेलो होतो. पलीकडे जंगलात एक कुंपण आहे. 'गरम कोरडा खडक' ही कल्पना जगात पहिल्यांदा तिथे प्रत्यक्षात आली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने १९७४ मध्ये तिथे खोल भोक घ्यायला सुरुवात केली. १९७७ मध्ये एका विहिरीतून पाणी सोडून दुसरीतून गरम करून वर आणलं. तेलसंकटाचे दिवस होते. संसदेने १९७४ मध्येच भूऔष्णिक संशोधनाचा कायदा केला होता आणि त्यात कर्जाला सरकारी हमी द्यायची तरतूदही होती. बँक कोरड्या बोअरला कर्ज देत नाही हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होतं.

पण फेंटन हिलला एक चूक झाली आणि ती शिकवून गेली. दुसऱ्या टप्प्यात आणखी खोल, दोन विहिरी आधी पाडून ठेवल्या. मग डिसेंबर १९८३ मध्ये सुमारे २१,००० घनमीटर पाणी दाबाने आत घातलं. खडकातल्या भेगा उघडल्या, पण भलत्याच दिशेने. दोन विहिरींचा एकमेकींशी संबंधच जुळला नाही. शेवटी १९८५ मध्ये एक विहीर वळवून, उघडलेल्या भेगांमधून पुन्हा पाडावी लागली. नव्वदच्या दशकात प्रकल्प बंद झाला. पाणी साठवायच्या तिथल्या तळ्यात पुढे शास्त्रज्ञांनी अवकाशातल्या गॅमा किरणांची वेधशाळा चालवली. मला त्या कुंपणापाशी फार वाईट वाटलं होतं.

मिलफर्डमध्ये कळलं की ते वाया गेलं नव्हतं. इथे क्रम उलटा केला. आधी एकच विहीर. २०२२ मध्ये तिच्या टोकाशी पाणी दाबून भेगा उघडल्या. त्या उघडताना होणारी सूक्ष्म कंपनं जमिनीतल्या उपकरणांनी टिपली आणि भेगा कुठे पसरल्या त्याचा नकाशा मिळाला. मग २०२३ मध्ये दुसरी विहीर, १६बी, पहिलीच्या साधारण शंभर मीटर वर, तिला समांतर, बरोबर त्या नकाशातून नेली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये महिनाभर पाणी फिरवलं. आत घातलेल्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास परत आलं आणि वर येताना ते १८५ अंशांच्या पुढे तापलेलं होतं. आम्ही पोचायच्या जेमतेम महिनाभर आधीची गोष्ट! माहिती देणारा मुलगा हे सांगताना झडपेवर हात ठेवून उभा होता.

कंपनांचं लेकीने विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला २००६ मध्ये अशाच कामामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबलं. दक्षिण कोरियातल्या पोहांगला २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, घरं पडली. म्हणून इथे सिग्नलसारखी पद्धत आहे: हिरवा असेल तर पुढे, पिवळ्याला दाब कमी, लाल झाला की काम बंद. भोवती माणसं विरळ आहेत, हेही जागा निवडताना पाहिलं होतं.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. इथला प्रत्येक आकडा, कुठे बिट तुटली, कुठे दिवस वाया गेला, सगळं खुलं आहे. कोणीही बघावं, वापरावं. वडिलांकडे एक वही होती. कुठल्या शिवारात किती फुटांवर कोणता दगड, कुठे कोरडं गेलं. ती त्यांनी कधी कोणाला दाखवली नाही आणि दुसऱ्या रिगवाल्यांनी त्यांना आपली दाखवली नाही. कोरड्या बोअरची जागा कोणी कोणाला सांगत नाही, त्यामुळे तेच कोरडं बोअर चार जण चार वेळा मारतात. खाजगी कंपनीने अपयश लपवलं तर मी तिला दोष देणार नाही, तिला धंदा करायचा असतो. म्हणूनच पहिली चार भोकं सार्वजनिक पैशातून पडायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

उद्दिष्ट साधं नाही. ऊर्जा खात्याने २०२२ मध्ये जाहीर केलं की २०३५ पर्यंत अशा विजेचा खर्च ९० टक्क्यांनी कमी करून मेगावॅट-तासाला ४५ डॉलरवर आणायचा. म्हणजे युनिटला साडेचार सेंट. मिलफर्डच्या उत्तरेला माळभर पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांच्याशी या विजेला स्पर्धा करायची आहे. वारा पडतो, ऊन मावळतं आणि ही रात्रंदिवस चालते, तरी दर खाली आल्याशिवाय ती कोणी घेणार नाही.

शेजारीच फर्वो या खाजगी कंपनीचं केप स्टेशन हे भूऔष्णिक वीजकेंद्र तेव्हा उभं राहत होतं. कुंपणाबाहेरून रिगचे मनोरे दिसले. इथे एका विहिरीचा ड्रिलिंगचा खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांवर आल्याचं कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे सरकारने शिकायची फी भरली होती, हे त्या आकड्यामागे आहेच.

निघेपर्यंत ऊन कलंडलं होतं. खडीच्या रस्त्यावर समोरून केसिंग पाईप भरलेला लांबलचक ट्रक आला. लेकीने गाडी कडेला घेतली. धुळीत काच वर करायच्या आधी मी पाईप मोजून घेतले, सवय आहे. ट्रक सावकाश पुढे गेला आणि मनोऱ्यांच्या दिशेने वळला.