घळीतली वाट : आडबांध झाले, पायऱ्या अर्ध्यावर

डिसेंबरअखेरपर्यंतची नोंद. किल्ल्याच्या माचीखालच्या घळीतल्या वाटेचा साधारण २०० फुटांचा तुकडा दुरुस्तीला हाती घेतला आहे. परवानगी वनखात्याची. वनरक्षक आणि दोन वनमजूर सोबत असतात, बाकी रविवारची मंडळी. (केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचं १०० मीटर निषिद्ध आणि पुढचं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आपल्या कामात येत नाही. दुसरीकडे येत असेल तिथे पुरातत्त्व खात्याच्या कागदाशिवाय दगडही हलवू नका.)

पायऱ्यांची सगळ्यांनाच घाई, कारण फोटो त्यांचाच निघतो. पण सह्याद्रीतली वाट मोडतं ते पाणी. पायांनी गवत मेलं की जमीन उघडी पडते आणि जूनचा पाऊस त्याच चाकोरीतून मुरूम घेऊन खाली उतरतो. म्हणून आधी पाणी काढलं.

सात आडबांध (वाटेवरचं पाणी बाजूला काढणारी, आडवी पुरलेली दगडांची ओळ) बसले. तीव्र उतारावर १५-२० फुटांवर एक, सौम्य जागी ३५-४० वर. बांध वाटेला काटकोनात नको. ३० ते ४५ अंश तिरका हवा, दरीकडचं टोक खाली. काटकोनात घातला की मागे गाळ भरतो, मग पाणी वरून उडी मारून दगडाच्या पायथ्यालाच खड्डा पाडतं. दगड दोन तृतीयांश जमिनीत, वर फक्त ४ ते ६ इंच. बाहेरच्या टोकाला दीड फूट मोकळी मोरी. तिसऱ्या बांधाची मोरी नेमकी खालच्या वळणावर सुटत होती, म्हणजे वरचं पाणी काढून खालच्या वाटेवरच ओतलं! तो उखडून सहा फूट अलीकडे घेतला. पायऱ्यांच्या डोक्यावरचा बांध मात्र कधीच टाळू नका, नाहीतर जिन्याचाच धबधबा होतो.

पायऱ्या २२ पैकी १३ झाल्या. रचाई कोरडी, सिमेंट नाही. खालून वर चढायचं, सर्वांत मोठा दगड तळाला. वरचा दगड खालच्याच्या मागच्या कडेवर निदान २ इंच चढलेला हवा. उंची ६-७ इंच. ८ च्या वर गेली की लोक शेजारच्या गवतातून उतरतात आणि नवी घळ सुरू होते. पाय ठेवायला किमान एक फूट.

बैठक तपासायला दगडाच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहायचं. नववी पायरी डाव्या कोपऱ्यावर ‘टक्’ वाजली. समोरून चीप (दगडाची छोटी पाचर) ठोकली की ती गप्प होते, पण दोन पावसांत चीप निसटते. चीप मागून मारायची. शेवटी पहारीनं दगड उचलून खालचा मुरूम खरवडला, बैठक नव्यानं केली. अर्धा तास गेला, पण आता हलत नाही.

दगड उतारावर सुटे पडलेले घेतो. ओढ्यातले गोटे बसत नाहीत. चुना लागलेला घडीव दगड दिसला तर तो तटाचा. तिथेच राहू द्या. दगड सरकवताना खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

उरलेलं : नऊ पायऱ्या, कडेचा मुरूम पाणी मारून धुम्मसानं (जमीन चोपायच्या जड ठोकण्यानं) ठोकणं, शॉर्टकटवर वाळलेली कारवी आडवी टाकणं. मेअखेरीस मोऱ्यांतला पाचोळा काढायचा. पहिल्या मोठ्या पावसात दोघांनी तरी वर जायचं, पाणी कुठून पळतं ते तेव्हाच दिसतं. पुढच्या रविवारी दोन पहारी जास्त आणा, पाच फुटी. चार फुटीला जोर पुरत नाही.