रेड डेव्हिल्सच्या वाटेने: वोल्फहेझे ते आर्नहेमचा पूल

माझे मामा २ पॅरा म्हणजे मराठा पॅरा पलटणीत, विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांत होते. साताऱ्याच्या घरी त्यांची मरून बेरे टोपी कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेली असायची. दसऱ्याला ती शस्त्रांच्या जागी पूजेत यायची, एरवी आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. हा रंग मराठ्यांचा नाही, मग आला कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. "आर्नहेमवाल्यांचा आहे," एवढंच ते म्हणाले. गेल्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये तीन दिवस मोकळे मिळाले आणि मी थेट आर्नहेम गाठलं.

आर्नहेमला जाणारे बहुतेक लोक आधी पुलावर जातात. माझं सांगणं उलट आहे. आर्नहेम ते एडे या मार्गावरची लोकल पकडा आणि वोल्फहेझे या छोट्या स्टेशनावर उतरा. दुसऱ्या महायुद्धात, १७ सप्टेंबर १९४४ च्या दुपारी, ब्रिटिशांच्या पहिल्या एअरबोर्न (हवाई मार्गाने उतरणाऱ्या) डिव्हिजनचे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, आणि छत्रीधारी सैनिक याच परिसरातल्या शेतांत उतरले. जमिनीवरून येणाऱ्या फौजेसाठी त्यांना जर्मनांकडून घ्यायचा होता तो आर्नहेमचा पूल इथून साधारण १२ किलोमीटर लांब. नकाशावर हा आकडा किरकोळ वाटतो, पायी चाललं की कळतो. मी पाठीवर पाण्याची बाटली आणि पोळीभाजी घेऊन चाललो, तरी रमतगमत चार तास लागले. ते दारूगोळा वाहत आणि गोळीबार चुकवत चालले होते. पलटणी पुलापासून इतक्या दूर उतरवणं आणि सगळ्या फौजेची वाहतूक एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवसांत विभागणं, या दोन निर्णयांनी काय केलं ते या रस्त्यावर पायांना समजतं. शिवाय आसपास दोन जर्मन एसएस पँझर (रणगाड्यांच्या) डिव्हिजन विश्रांती घेत होत्या.

वाट सोपी आहे, बराचसा भाग झाडीतून जातो. फक्त लालसर रंगाच्या पट्ट्यावर चालू नका, तो सायकलींचा रस्ता असतो आणि सायकलवाले वेगात येतात. सप्टेंबरात पाऊस कधीही येतो, म्हणून छत्रीपेक्षा रेनकोट बरा. ट्रेन आणि बससाठी वेगळं तिकीट काढायची गरज पडली नाही, टॅप करून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड चाललं. मात्र उतरतानाही कार्ड टॅप करायला विसरू नका, नाहीतर जास्त पैसे कापले जातात.

चालताना डोक्यात नावंच घोळत होती. 'रेड डेव्हिल्स', लाल सैतान, हे नाव या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी स्वतः घेतलेलं नाही. ते शत्रूने दिलं. नोव्हेंबर १९४२ पासून त्यांची पहिली पॅराशूट ब्रिगेड उत्तर आफ्रिकेत, ट्युनिशियात लढत होती आणि जर्मनांनी त्यांना 'रोटं टॉयफेल' म्हणायला सुरुवात केली, असं सांगतात. का, याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, मरून टोपी. दुसरं, ट्युनिशियाची तांबडी माती. उडीच्या जॅकेटचा एक पट्टा पायांमधून घेऊन पुढे अडकवायचा असे. तो सुटला की मागे शेपटीसारखा लोंबायचा, आणि अंगभर लाल चिखल. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण त्यात धावणारी माणसं दिसतात.

त्याच ट्युनिशियातून त्यांनी एक आरोळी आणली. डोंगरात लांबून एकमेकांना हाका मारणाऱ्या गावकऱ्यांची नक्कल करत ते 'व्हाओ मोहम्मद' ओरडू लागले, आणि दोन वर्षांनी आर्नहेमच्या पुलाजवळच्या जळत्या घरांतून हीच आरोळी या घरातून त्या घरात जात होती. बाहीवरचं चिन्ह म्हणजे पंखांच्या घोड्यावर, पेगॅससवर, भाला उगारून बसलेला ग्रीक पुराणातला वीर बेलेरोफॉन. मरून पार्श्वभूमीवर फिकट निळा. ते एडवर्ड सीगो या चित्रकाराने काढलं. पहिल्या डिव्हिजनचे पहिले सेनापती फ्रेडरिक ब्राउनिंग यांना सगळे 'बॉय' म्हणत, तर नॉर्मंडीत उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचे गेल हे 'विंडी'. आपल्याकडे जशी १ मराठा म्हणजे जंगी पलटण, तसंच हे. सैन्यात टोपणनाव मिळालं की माणूस आपला झाला.

मधे ओस्टरबेक गाव लागतं. पूर्ण दिवस द्यायचा असेल तर तो इथे द्या. स्टेशनच्या उत्तरेला दहा मिनिटांवर युद्धस्मशान आहे. इथे साडेसतराशेच्या आसपास थडगी आहेत. सकाळी लवकर जा, बसभर लोक येण्याआधी. मी खास डेव्हिड लॉर्ड यांचं थडगं शोधलं. हे वैमानिक आधी भारतात ३१ स्क्वाड्रनमध्ये होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी विमानातून रसद टाकली होती. १९ सप्टेंबरला रसद टाकताना त्यांच्या डाकोटा या वाहतूक विमानाचं इंजिन पेटलं. दोन पेट्या आत राहिल्या होत्या, म्हणून ते जळतं विमान वळवून पुन्हा आले. पेट्या टाकल्या आणि विमान कोसळलं. एकच सहकारी वाचला. ती जागा तोवर जर्मनांच्या ताब्यात गेली होती, हे विमानात कुणालाच कळलेलं नव्हतं. लॉर्ड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

तिथे बसलो असताना एका वयस्कर डच बाईंनी विचारपूस केली. त्या शाळेत असताना सप्टेंबरात इथे फूल घेऊन आल्या होत्या. १९४५ पासून गावातली मुलं दर वर्षी स्मृतिदिनाला एकेका थडग्यामागे उभी राहून फुलं ठेवतात. त्या बाईंना आपल्या वाट्याला आलेल्या थडग्यावरचं नाव अजून पाठ होतं. या गावात 'रेड डेव्हिल्स' कुणी म्हणत नाही. सगळे 'एअरबोर्न' म्हणतात, तेही जसंच्या तसं इंग्रजीत, जणू ते गावातल्या एखाद्या घराण्याचं आडनाव आहे.

गावातलं हार्टेनस्टाइन हे तेव्हा हॉटेल होतं, डिव्हिजनचे सेनापती मेजर-जनरल उर्कहार्ट यांचं मुख्यालय तिथे होतं. आता तिथे एअरबोर्न संग्रहालय आहे. किमान अडीच तास ठेवा. तळघरात लढाईचा आवाज आणि अंधार उभा केला आहे, लहान मुलांना घाबरायला होईल. मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते भिंतीच्या कागदाच्या एका तुकड्याने. एका घरात अडकलेल्या सैनिकांनी त्यावर आपला हिशोब आणि शत्रूला दिलेल्या शिव्या लिहून ठेवल्या आहेत. पुलापर्यंत न पोचलेले सैनिक ओस्टरबेकमध्ये वेढले गेले, त्या पट्ट्याला जर्मन 'चेटकिणीची कढई' म्हणत.

तिथून उतारावरून खाली गेलं की नदीजवळ जुनं चर्च लागतं. शेजारचं घर काटे टेर होर्स्ट यांचं. पाच मुलांच्या या आईने घर जखमींना दिलं, अंगणात ५७ जणांना पुरलं गेलं. रात्री त्या जखमींना बायबलमधलं ९१ वं स्तोत्र वाचून दाखवत. 'आर्नहेमची देवदूत' हे त्यांचं टोपणनाव. ते घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहा, फाटकातून आत वाकू नका.

चर्चपासून पूल पाच किलोमीटर, नदीकाठच्या खालच्या रस्त्याने. जॉन फ्रॉस्ट यांची दुसरी बटालियन याच वाटेने गेली, म्हणून पोचली. इतर दोन बटालियन दुसऱ्या रस्त्यांवर अडल्या. पुलाचं उत्तर टोक साधारण ७४० जणांनी २१ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत धरलं. जमिनीवरून येणारी फौज दोन दिवसांत पोचणार होती, ती नाइमेखेनच्या पलीकडे अडकली. पूल आज फ्रॉस्ट यांच्या नावाने ओळखला जातो, पण तो मूळ पूल नाही. मूळ पूल ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी पाडला. जवळच्या एअरबोर्न चौकात न्यायालयाच्या इमारतीचा तुटका खांब उभा आहे, तो चुकवू नका.

पुलावर उभं राहून मला मामांचं वाक्य आठवलं: "वरून पडणाऱ्याला पायी येणारा लागतो." ११ डिसेंबर १९७१ ला त्यांची २ पॅरा बांगलादेशच्या युद्धात तांगाईलजवळ उतरली आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरून बसली. त्यांना नेणाऱ्या विमानांतही डाकोटा होती. दिवस-दीड दिवसात जंगी पलटण चालत येऊन भेटली आणि १६ तारखेला २ पॅरा ढाक्यात शिरली. आर्नहेमला उतरलेल्या सुमारे १०,००० जणांपैकी नदी ओलांडून परत गेले ते साधारण २,४००. उड्या तशाच होत्या, माणसंही त्याच जिगरीची. इथे पायी येणारे पोचले नाहीत.

तिसरा दिवस खिंकेलच्या माळासाठी ठेवा. एडे-वागेनिंगेन स्टेशनवरून सायकल भाड्याने घ्या. १८ सप्टेंबरला चौथी पॅराशूट ब्रिगेड या माळावर गोळीबारातच उतरली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर हॅकेट यांचं टोपणनाव 'शॅन'. त्यांच्या हाताखालची १५६ वी बटालियन १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली होती, भारतातल्या ब्रिटिश पलटणींतून निवडलेल्या माणसांची. तेव्हा तिचा क्रमांक १५१ होता. ती मुळात त्याच वर्षी दिल्लीत उभ्या राहिलेल्या ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची. मामांच्या पलटणीनेही पुढे त्याच ब्रिगेडचं निशाण लावलं. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ओस्टरबेक स्टेशनजवळच्या झाडीत ही बटालियन जवळजवळ संपली. मी स्मशानाकडे जाताना त्याच झाडीच्या कडेने गेलो होतो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

दर वर्षी १७ सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवारी इथे स्मृत्यर्थ उड्या होतात. सकाळी लवकर पोचा, कारण गर्दी फार असते, आणि बसायला चटई न्या. ढग खाली आले तर उड्या तासन्‌तास लांबतात. आम्ही अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग जांभळ्या फुलांच्या माळावर छत्र्या उतरल्या. उतरलेले लोक छत्री गुंडाळून, खिशातून मरून बेरे काढून डोक्यावर नीट बसवत आमच्या बाजूने चालत आले. मी मामींसाठी त्याचा व्हिडिओ काढला.