चार आकडी ओटीपी आणि गार न होणारा एसी: माझा अनुभव

विजापूर रोडला आमचं स्वतःचं घर आहे, वर दुसरा मजला नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, पंखा नुसती गरम हवा फिरवतो. सासरे ऐंशीच्या घरातले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. दुपारी त्यांना गारव्यात ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हे आधीच सांगते, कारण सर्व्हिस कंपनीतून मला फोनवर "थोडं ॲडजस्ट करा की मॅडम" असं ऐकवलं गेलं आणि ते मी अजून विसरलेले नाही.

एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर. वॉरंटी संपल्यावर त्याच ब्रँडच्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस कंपनीकडून वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घेतला. करारात सर्व्हिसिंग आणि मजुरी धरलेली, गॅस वेगळा. करार घेताना काहीच अडचण आली नाही, पैसे भरले की पावती हातात.

उन्हाळा लागला आणि गारवा कमी झाला. तक्रार नोंदवली, टेक्निशियन आला, गेज लावलं, म्हणाला, "गॅस संपलाय." भरला, पैसे घेतले. जाताना दारात म्हणाला, "मोबाईलवर ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा की. मी येऊन गेलो एवढीच नोंद होते." पंधरवडा जेमतेम गेला असेल, खोली पुन्हा तापायला लागली.

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. कस्टमर केअरला फोन केला तर, "मॅडम, तुमची तक्रार क्लोज झालेली दिसतेय. काम पूर्ण झाल्याचं तुम्ही कन्फर्म केलंय." तो ओटीपी म्हणजे ग्राहकाचं समाधान झाल्याची सही होती. मग नवीन तक्रार, नवीन नंबर, ४८ तासांची मुदत. ४८ तास सरले तरी कुणी फिरकलं नाही, आणि तरीही मेसेज आला: तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. विचारलं तर उत्तर मिळालं, "टेक्निशियन आला होता, घर बंद होतं." सासरे दिवसभर पुढच्याच खोलीत बसून असतात. घर बंद कसं असेल?

पुन्हा फोन. प्रत्येक वेळी नवीन मुलगा यायचा, त्याला आधीचं काही माहीत नसायचं. "मागच्याने काय केलं ते मला कसं कळणार, मॅडम? माझ्या ॲपमध्ये फक्त आजचा कॉल दिसतो." त्या मुलांवर माझा राग नाही. भर उन्हात दुचाकीवर सगळं सामान लादून ती अख्खं शहर पालथं घालतात. राग आहे तो आधीची तक्रार पुसून टाकणाऱ्या त्या पद्धतीवर. दर वेळी आपण पहिल्यापासून सांगायचं, आणि त्यांच्या नोंदीत मात्र एकही तक्रार शिल्लक नाही. कंपनीच्या ऑफिसात गेले तर काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर फील्डवर आहेत." सर कधीच भेटले नाहीत.

दुसऱ्यांदा गॅस भरला गेला, तोही माझ्याच पैशांनी. तेव्हा मी त्या मुलाला विचारलं, "आधी लीक बघणार का?" तो म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात गॅस कमी होतोच."

होत नाही! एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं फिरतो तसाच. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. आमच्या एसीत आर-३२ आहे, तो थोडासा ज्वलनशीलही आहे, म्हणजे गळती नुसती पैशांचीच नाही. लीक न शोधता गॅस भरणं हे काम नव्हे, आणि त्याचे दोनदा पैसे घेणं तर मुळीच योग्य नाही. आउटडोअर युनिटच्या जोडावर, फ्लेअर नटपाशी (नळीचं पसरट केलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट), मला तेलकट डाग दिसला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग पडतो. मी फोटो काढून ठेवला.

मग फोन करणं थांबवलं आणि ब्रँडच्या मुख्य तक्रार ईमेलवर लिहिलं. सगळे जुने तक्रार नंबर एकाच मेलमध्ये, दोन्ही बिलं, डागाचा फोटो, "घर बंद" म्हटलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला मध्ये न तोडता ऐकत होतं.

त्यानंतर कंपनीच्या एरिया मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. एक वयस्क टेक्निशियन नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन आले. दाब देऊन जोडावर साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे नेमके त्याच नटपाशी. त्यांनी पाइपचं टोक कापून नवीन फ्लेअर काढला, पुन्हा दाब तपासला, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. किती ग्रॅम भरायचा ते आउटडोअरच्या प्लेटवरच छापलेलं असतं. त्याचा फोटो तुमच्याकडे हवा. आधीच्या कुणीच वजनकाटा आणला नव्हता. सासरे त्या दुपारी दोन तास गाढ झोपले. मला किती हायसं वाटलं, सांगता येणार नाही.

ओटीपीबद्दल माझं ठाम मत: एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा साध्या थर्मामीटरने मोजा. आठ-दहा अंशांचा तरी फरक दिसल्याशिवाय ओटीपी सांगू नका, टेक्निशियनने कितीही घाई केली तरी.

अजून एक, मघाशी राहिलं. जेट पंपाने सर्व्हिसिंग करायला पाणी लागतं आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी नाही म्हटलं की फिल्टरवर ब्रश फिरवून करारातली एक सर्व्हिस झाली, असं लिहून मोकळे होतात. दोन बादल्या भरून ठेवा, नाहीतर तारीख बदलून घ्या.

पहिल्या गॅसचे पैसे परत आले. दुसऱ्याचे द्यायला नकार आहे, कारण त्या भेटीचाही ओटीपी त्यांच्याकडे नोंदलेला आहे. मी लेखी नोटीस पाठवली आहे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. कागद तारखेप्रमाणे लावून तयार आहेत.