मावशींची वही

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी भिंतीवर विनाइल चिकटवून झालं. सात फूट उंच. एका खानावळीच्या उधारीच्या वहीतलं १९८२चं पान, स्कॅन करून मोठं केलेलं. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे, ज्याचं चुकतं झालं त्याच्या नावावर आडवी रेघ. त्या पानावर रेघा मोजून तीन.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांवर मी दीड वर्ष काम करत होते. गावाकडून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे, पैसे पगाराला. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या जागी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज या बायांपर्यंत पोचवलं. मग १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाच्या गोष्टीत दत्ता सामंत येतात, मालक येतात. किराणा उधार आणून मेंबरांना जेवू घालणारी बाई क्वचितच. ही वही माझा पुरावा होती. आणि खरं सांगायचं तर प्रदर्शनाचा हुकमी एक्काही.

संध्याकाळी मावशी आल्या. चष्मा पुसून सगळं पान वाचलं. "हे काढा."

"मावशी, फॉर्मवर सही केलीत ना तुम्ही?"

"वही द्यायला केली. ह्या मानसांना कुनी इचारलं? ह्यो दुसरा हाय ना, त्येची सून माझ्या शेजारच्या खोलीत ऱ्हाती. उद्या यायचीय ती."

मी म्हटलं, नावांवर काळी पट्टी मारू. त्या भडकल्याच. "काळं फासता व्हय? चोरी केली त्यांनी?"

कलाकार मिअर्ल लॅडरमन युकलीज यांनी १९७९-८०मध्ये न्यूयॉर्कच्या ८,५०० सफाई कामगारांशी एकेकाला गाठून हात मिळवला, हे उदाहरण मी दर व्याख्यानात देते. एकेकाला गाठून! त्या पानावर एकवीस नावं होती, मी एकाचंही घर शोधलं नव्हतं.

विनाइल निघालं, सोबत भिंतीचा रंगही निघाला. छपाईचे पैसे माझ्या फीमधून गेले. स्वतंत्र क्यूरेटरला मागे उभी राहणारी संस्था नसते, असतो तो छापखान्याचा तगादा. वही शोकेसमध्ये ठेवली, मिटलेली. रेक्झिनच्या कव्हरवर हळदीचे डाग, कडेला पाण्याने फुगलेली पानं. पापुद्रे निघालेली भिंत रात्री एकला तशीच सोडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी शोकेसशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर साठीचे एक गृहस्थ आले. वहीकडे बराच वेळ बघत राहिले, मग वडिलांचं नाव आणि गिरणीचं नाव सांगितलं. "तुमच्याकडेच जेवायचे. संपानंतर गावी गेले ते परत आलेच नाहीत. काही राहिलं होतं का त्यांचं?"

मावशींनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई. जाताना समदं चुकतं करून गेले."

गृहस्थ वाकून त्यांच्या पाया पडले.

मी पुस्तिकांचा गठ्ठा उगाच सारखा करत उभी होते. त्या पानावर वरून पाचवं नाव. ११२ रुपये. रेघ नव्हती.