ठेच लागल्यावर ठणका उशिरा का?

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या पोरांना मी जीवशास्त्र शिकवते. गंगावेशीतल्या तालमीत जाणाऱ्या एकानं परवा विचारलं, "मॅडम, ठेच लागली की बोट आपटलेलं लगेच कळतंय, पण ठणका जरा वेळानं येतोय. असं का?" परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत, म्हणून मला ते जास्त मोलाचे वाटतात.

संदेश नेणारी चेतापेशी शांत असताना तिच्या आत, बाहेरच्या मानाने, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विभव (विजेचा दाब) असतो. पुरेसं उद्दीपन मिळालं की पेशीच्या पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे आत यायच्या वाटा, उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विभव उलटतो. लगेच पोटॅशियम बाहेर पडून तो पूर्वपदावर येतो. ही उलटापालट तंतूवरून पुढे पुढे सरकते, तोच आवेग. एका जागी हा सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा! हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी माकुळ या समुद्री जीवाच्या जाडजूड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब धाग्यावर) मोजमापं करून १९५२ साली त्याचं गणित मांडलं.

आता ठणका. स्पर्शाच्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन असतं, मध्ये मध्ये उघडी जागा, उसाच्या पेरांसारखी. आवेग पेरावरून पेरावर उडी मारत सेकंदाला साधारण ५० मीटर पळतो. ठणक्याचे बारीक तंतू बिनवेष्टनाचे. तिथं वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जू जवळपास मीटरभर लांब, म्हणजे उशीर सेकंदाचा.

पोरानं लगेच पुढचं विचारलं: मग दात काढताना दुखत का नाही? डॉक्टर टोचतात ते लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, सोडियमच्या त्याच वाहिन्या बंद करतं. आवेग निघतच नाही.