आमची वाटचाल : काचेच्या भुकटीपासून पेटंटच्या परीक्षणापर्यंत

आमचा कारखाना बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आहे. दंतवैद्यांना लागणारी सिमेंटे, ठसे घेण्यासाठीची आल्जिनेट पावडर आणि मॉडेल ओतण्यासाठीचा डेंटल स्टोन ही आमची मुख्य उत्पादने. एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागातली नोकरी सोडून बाबांनी झिंक ऑक्साइड-युजेनॉल सिमेंटपासून हा व्यवसाय सुरू केला आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून मी त्यांच्या हाताखाली आले. रसायनाचा कारखाना काढणे ही गोष्ट बडोद्याच्या मराठी घरांना परकी कधीच नव्हती. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, येथे कलाभवन सुरू झाले, त्रिभुवनदास गज्जरांनी तेथे रसायनविद्येला उद्योगाची जोड दिली आणि १९०७मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅलेम्बिकच्या संस्थापकांत त्यांच्याबरोबर कोटीभास्कर हे मराठी नावही होते. आमचे काम त्या मानाने फार लहान आहे. परंतु आमच्या ग्लास आयोनोमर सिमेंटच्या रासायनिक घडणीचे पेटंट कार्यालयाकडून जे परीक्षण झाले, त्याने आमच्या कामाची रीतच बदलली. म्हणून या वाटचालीतला तेवढाच टप्पा मी येथे सविस्तर मांडत आहे.

ग्लास आयोनोमर हे मुळात लंडनच्या सरकारी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतले अपत्य. अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९च्या सुमारास ते तयार केले आणि १९७२मध्ये दंतवैद्यकाच्या नियतकालिकातून ते जगापुढे आले. एका बाजूला कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिका आणि फ्लोराइड असलेल्या काचेची बारीक भुकटी आणि दुसऱ्या बाजूला पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे पाण्यातले द्रावण. दोन्ही घोटली की आम्ल काचेच्या कणांचा पृष्ठभाग खाते, त्यातून कॅल्शियमचे आणि मागाहून अ‍ॅल्युमिनियमचे आयन सुटतात, ते आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात आणि लगदा घट्ट होतो. हे सिमेंट दाताच्या खनिजाला रासायनिक रीतीने धरते आणि त्यातून फ्लोराइड सावकाश झिरपत राहते, म्हणून लहान मुलांच्या दातांसाठी आणि हिरडीलगतच्या किडीसाठी डॉक्टर त्याला पसंती देतात.

आमच्याकडे येणारी तक्रार ठरलेली असे. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, छोट्या गावांतल्या दवाखान्यांत वातानुकूलन नसते आणि डॉक्टर सिमेंट घोटून दातात भरेपर्यंत त्याची चकाकी गेलेली असते. ही चकाकीच महत्त्वाची असते. ताज्या लगद्याचा पृष्ठभाग ओलसर, चमकदार दिसतो, कारण दाताशी जुळायला मोकळे आम्ल त्यात अजून शिल्लक असते. चमक मावळली की ते आम्ल काचेशी गुंतून गेलेले असते आणि असा लगदा पोकळीत दाबून बसवला तरी दाताला धरत नाही. ज्यावर सिमेंट घोटतात ती काचेची पट्टी थंड करून घेणे हा उपाय सर्वांना माहीत आहे, परंतु ती दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरते आणि भुकटी-द्रवाचे प्रमाण बिघडते. म्हणून उत्तर सिमेंटच्या घडणीतच शोधायचे आम्ही ठरवले.

आमची कल्पना साधी होती. एक काच चटकन प्रतिक्रिया देणारी. दुसरी आम्लाने धुऊन पृष्ठभागावरचे कॅल्शियम कमी केलेली, म्हणून संथ. दोन्हींच्या कणांचा आकार वेगळा. आणि द्रवात टार्टारिक आम्ल. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर जुनी आहे. टार्टारिक आम्लाने काम करण्याचा, म्हणजे सिमेंट घोटून भरण्याचा, अवधी वाढतो आणि तरीही सिमेंट वेळेवर व नेमके घट्ट होते, हे विल्सन यांच्याच गटाने १९७०च्या दशकात दाखवले होते. द्रवात ते ५ ते १० टक्के असणे हे पाठ्यपुस्तकातले प्रमाण आहे. काच आम्लाने धुण्याची रीतही या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मिश्रणात ३५ अंश सेल्सिअसला काम करण्याचा अवधी पुरेसा राहत होता आणि घट्ट होण्याचा काळ लांबत नव्हता. परंतु जाणत्या गोष्टी एकत्र केल्याने पेटंट मिळते का, हा प्रश्न होता आणि भारतीय कायद्यात त्याला थेट कलम आहे.

बाबांचा आक्षेप वेगळा होता. ‘‘फॉर्म्युला आपणच जगजाहीर करायचा आणि वर फी भरायची, यात आपला फायदा काय?’’ असे त्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त होती. पेटंटचा अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कलम १० प्रमाणे अर्जदाराला आपल्याला माहीत असलेली सर्वांत चांगली कृती त्यात लिहावीच लागते. मी त्यांना सांगितले, ‘‘बाबा, आपली बाटली बाजारात गेली की कोणतीही बरी प्रयोगशाळा त्या काचेतली बहुतेक मूलद्रव्ये मोजून काढेल. ज्याचे गुपित टिकणारच नाही, त्यावर २० वर्षांचा हक्क मिळवलेला बरा.’’ काच वितळवण्याचे वेळापत्रकही आम्ही स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या तपशीलवार वर्णनात, पूर्ण दिले. अर्धे सांगून अर्धे राखून ठेवण्याचा मोह अनेक छोट्या उद्योजकांना होतो; तो कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आहेच, शिवाय मला तो अप्रामाणिकही वाटतो.

१९७०च्या पेटंट कायद्यात २००५पर्यंत औषधांसाठी आणि रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थांसाठी केवळ कृतीचे पेटंट मिळत असे. १ जानेवारी २००५पासून पदार्थाचेही मिळू लागले. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३मध्ये कशाला पेटंट नाही याची यादी आहे. आमच्यासारख्यांच्या वाटेत येते ते त्यातले पोटकलम ‘ई’. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणधर्मांची केवळ बेरीज होते, त्या मिश्रणाला आणि ते बनवण्याच्या कृतीला पेटंट मिळत नाही. सिमेंट घट्ट होताना रासायनिक क्रिया घडते हे खरे, पण आमचा दावा होता न घोटलेल्या भुकटीचा आणि द्रवाचा, म्हणजे परीक्षकाच्या नजरेतून एका मिश्रणाचा. मिश्रणाच्या पेटंटचे सगळे परीक्षण अखेर एका प्रश्नावर येते : सुट्या घटकांकडून जे अपेक्षित आहे त्याहून वेगळे असे काही हे मिश्रण करते का, आणि करत असेल तर त्याचा पुरावा अर्जातच आहे का?

म्हणून कलम ९ प्रमाणे आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरते, स्पेसिफिकेशन दाखल करून आम्ही अग्रक्रमाची तारीख मिळवली आणि पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी मिळणारे १२ महिने तुलनेच्या प्रयोगांना दिले. केवळ चटकन लागणारी काच, केवळ धुतलेली काच, दोन्ही काचा पण टार्टारिक आम्लाविना, दोन्ही काचा टार्टारिक आम्लासह, आणि आमच्या प्रमाणाच्या अलीकडची-पलीकडची मिश्रणे अशी सगळी नमुन्यांची मांडणी २३ अंशांवर आणि ३५ अंशांवर तपासली. दोन काचांचे प्रमाण बदलत नेले तर काम करण्याचा अवधी दोन टोकांच्या मधल्या सरळ रेषेवर पडायला हवा; तसा पडला तर ती निव्वळ सरासरी आणि पोटकलम ‘ई’ लागू. टार्टारिक आम्लाविना आमचे बिंदू बरेचसे त्या रेषेवर होते. ते घातल्यावर मधल्या एका पट्ट्यात बिंदू रेषेपासून स्पष्टपणे वर गेले. तो आलेख हाती आल्यावरच मी पेटंट एजंटांना फोन करून पूर्ण स्पेसिफिकेशन लिहायला घ्या म्हणून सांगितले.

या चाचण्यांना दंतसिमेंटांच्या आयएसओ ९९१७-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घेतला. घट्ट होण्याचा काळ मोजताना ४०० ग्रॅम वजनाची, १ मिलिमीटर सपाट टोकाची सुई ३७ अंशांच्या दमट पेटीत ठेवलेल्या सिमेंटवर अलगद सोडतात आणि तिचा पूर्ण गोल ठसा उमटेनासा झाला की वेळ नोंदवतात. दाब सोसण्याच्या ताकदीसाठी ४ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६ मिलिमीटर उंचीच्या कांड्या साच्यात घालून, दिवसभर पाण्यात ठेवून मग यंत्रात चिरडतात. भरणाच्या सिमेंटला किमान १०० मेगापास्कल लागतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी प्रत्येक कांडीची दोन्ही टोके ओल्या पॉलिश पेपरवर घासून समतल केली. तेथे बुडबुडा दिसला की ती कांडी बाद. पुढे परीक्षणात हेच तक्ते आमच्या बाजूने उभे राहिले.

एक बारीक गोष्ट येथे सांगायला हवी, कारण ती मी कोठे लिहिलेली पाहिली नाही. मुशीत जे भरतो आणि तिच्यातून जे निघते, त्यांची घडण एकच नसते. साधारण १२०० ते १५५० अंशांच्या दरम्यान काच वितळताना फ्लोरिनचा काही भाग सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायूच्या रूपाने उडून जातो. मग तो लालभडक रस पाण्यात ओतून फुटवला आणि बॉल मिलमध्ये दळला की हाती येणाऱ्या भुकटीत फ्लोराइड कमी आणि अ‍ॅल्युमिनाचे सिलिकाशी प्रमाण किंचित जास्त असते. पेटंटमध्ये टक्केवारी भरलेल्या मालाची द्यायची की तयार काचेची, हे स्पष्ट केले नाही तर उद्या नक्कल करणाऱ्याला पळवाट मिळते आणि आज परीक्षकाला हरकत घेता येते. आम्ही दोन्ही दिल्या आणि क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा तो दावा, मात्र विश्लेषण केलेल्या तयार काचेवर बांधला.

अर्ज दाखल होईपर्यंत मालाचा एकही नमुना बाहेर गेला नाही. दंतमहाविद्यालयातल्या अध्यापकांनी काढलेल्या दातांवर जे प्रयोग करून दिले, तेही गोपनीयतेच्या लेखी करारावर. अर्जापूर्वी झालेल्या प्रसिद्धीला आपल्या कायद्यात माफी फार थोड्या परिस्थितींत आहे; ओळखीच्या डॉक्टरला वापरून पाहायला दिलेली एक बाटलीसुद्धा नावीन्य घालवू शकते.

मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोव्याप्रमाणेच गुजरातचे अर्जही मुंबई पेटंट कार्यालयाकडे जातात. फी ही छोट्या उद्योगाची अडचण राहिलेली नाही. लघु उद्योग म्हणून नोंद दाखवली की ३० पाने आणि १० क्लेमपर्यंतचा अर्ज ऑनलाइन १,६०० रुपयांत दाखल होतो. परीक्षणाची वेगळी विनंती करावी लागते. ती केल्याशिवाय अर्ज तसाच पडून राहतो. २०१९पासून लघु उद्योगांना फॉर्म १८-ए भरून जलद परीक्षण मागता येते. त्यासाठी अर्ज लवकर प्रसिद्ध होऊ द्यावा लागतो. आम्ही तो मार्ग घेतला, कारण कारखान्यातली नवी भट्टी या निर्णयावर अवलंबून होती.

पहिला परीक्षण अहवाल आला तो अपेक्षेप्रमाणेच भरगच्च होता. परीक्षकांनी दोन जुनी पेटंटे आणि एक शोधनिबंध पुढे ठेवले होते आणि त्यांतले परिच्छेद क्रमांक देऊन आमच्या क्लेममधला एकेक घटक कोठे आधीच सांगितला आहे ते दाखवले होते. मला तो अहवाल वाचून समाधान वाटले, कारण वाचणाऱ्याला विषय कळत होता. कलम ३चे ‘ई’ होतेच, सोबत ‘डी’ही होते. आमचा क्लेम कोणत्याही ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाचा नसल्याने ‘डी’चे उत्तर सोपे होते. दाताची पोकळी भरण्याच्या पद्धतीचा क्लेम आम्ही मुळात मागितलाच नव्हता. अमेरिकेत तसा मिळू शकतो, पण आपल्याकडे माणसावरील उपचारांच्या पद्धतींना पोटकलम ‘आय’ प्रमाणे पेटंट नाही.

एक हरकत टक्केवारीच्या हद्दींवर होती. एका घटकाची कमाल हद्द घेतली तर बाकीच्यांच्या किमान हद्दी धरूनही बेरीज १०० टक्क्यांवर जाऊ नये, आणि सगळ्यांच्या कमाल हद्दी मिळूनही ती १००च्या खाली राहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदी योग्य होते. असे आकडे दुरुस्त करताना कलम ५९ची शिस्त पाळावी लागते : सुधारलेला क्लेम मूळ क्लेमच्या हद्दीच्या आतच राहिला पाहिजे आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली कोणतीही गोष्ट त्यात शिरता कामा नये. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये रुंद पट्टा, मधला पट्टा आणि आलेखातला तो वर गेलेला अरुंद पट्टा असे तिन्ही उतरत्या क्रमाने लिहिलेले असल्यामुळे आम्हाला मागे सरकायला जागा होती. आम्ही अरुंद पट्ट्यावर आलो.

उत्तरासाठी ६ महिने मिळतात, विनंती केल्यास आणखी ३. त्यानंतर अर्जावर निर्णय देणारे पेटंट अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, यांच्यापुढे व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी झाली. एजंट कायद्याचे बोलले. काचेचे बोलण्याची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, ‘‘बेन, आता तुम्हीच सांगा.’’ कंट्रोलरांनी विचारले की संथ काच आणि वेगवान काच एकत्र केल्यावर मधला वेग मिळेल, हे या विद्येतल्या जाणत्या माणसाला आपोआप सुचणार नाही का? मी म्हटले की मधला वेग सुचेल, आमच्या ‘टार्टारिक आम्लाविना’ या तक्त्यातही तोच दिसतो. आम्ही मागतो आहोत ते त्या रेषेबाहेरचे फळ, आणि ते उन्हाळ्याच्या तापमानावरच ठळक होते, जे पुढे ठेवलेल्या तिन्ही दस्तऐवजांत तपासलेलेच नाही. त्यांनी तक्ता क्रमांक विचारून पान उघडले. लेखी निवेदन आम्ही नियमाप्रमाणे १५ दिवसांच्या आत दिले आणि अरुंद केलेल्या क्लेमसह पेटंट मंजूर झाले.

मंजुरी आणि विक्रीचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ प्रमाणे उत्पादनाची परवानगी आम्ही राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडून स्वतंत्रपणे घेतली. नूतनीकरणाची फी तिसऱ्या वर्षापासून लागते, आमच्या श्रेणीला सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये, आणि पेटंट वापरात असल्याचे फॉर्म २७वरचे निवेदन २०२४च्या दुरुस्तीनंतर तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे असते. या दोन्ही तारखा आता बाबाच सांभाळतात.

सध्या आम्ही याच दोन काचांवर कॅप बसवण्यासाठीचे लुटिंग सिमेंट तयार करत आहोत. तेथे थराची जाडी २५ मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते, त्यामुळे धुतलेल्या काचेचे मोठे कण चालत नाहीत आणि दळण्याची सगळी मांडणी नव्याने करावी लागत आहे. तुलनेचे नमुने कोणते असावेत याची यादी या वेळी पहिल्या वितळणीच्या आधीच प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून झाली आहे.