तापणारच ते

गुरुवार, रात्री पावणेबारा

आईचा इमर्जन्सी दिवा आज चौथ्या रात्रीही टेबलावर उघडाच पडलाय. आत १८६५० चा एक सेल (लिथियमचा, गोल नळकांड्यासारखा), तोही जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, आणि चार्जिंगला टीपी४०५६ या चिपचं काडेपेटीहून लहान बोर्ड.

सोमवारी चार्जिंगला लावलं, पाच मिनिटांनी बोर्डावरच्या आयसीवर, म्हणजे त्या चिपवर, बोट ठेवलं तर चटका! आयसी गेली असं धरून दुसरं बोर्ड लावलं. तेही तेवढंच तापलं. तपकीर गल्लीत दोन्ही परत करायला गेलो तर दुकानातले काका हसले. "अहो, लिनिअर आहे ते. तापणारच." लिनिअर म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णता करून घालवणारं. घरी येऊन वहीत गणित मांडलं आणि लाज वाटली. आत येतात ५ व्होल्ट, सेल ३.६ वर. मधले १.४ व्होल्ट जाणार कुठे? १ अँपिअरला १.४ वॉटची नुसती उष्णता, त्या एवढ्याशा चिपमध्ये. सेल ३ व्होल्टला असेल तर २ वॉट. आणि मी दर वेळी सेल पार उतरवून तपासत होतो.

बोर्डावरचा, चार्जिंगचा करंट ठरवणारा, '१२२' लिहिलेला रेझिस्टर काढून '२०२' बसवला, म्हणजे १.२ किलोओहमच्या जागी २. करंट ५८० मिलिअँपिअरच्या आसपास आला. चार्जिंगला वेळ लागेल, लागू दे.

रिपलनं, म्हणजे व्होल्टेजच्या चढउतारानं, मात्र छळलं. आउटपुटला स्कोप (व्होल्टेजची रेघ दाखवणारं यंत्र) लावला तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ, शेजारी लाल एलईडी लुकलुकतोय. दोन तास इनपुटला एकेक कपॅसिटर डकवत बसलो. मग दिसलं, सेल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलाय. जोडलेलाच नाही! चिप बिचारी आउटपुटच्या १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरलाच सेल समजत होती. भरला की थांबायची, जरा उतरला की पुन्हा भरायला घ्यायची. सेल जोडला, दाते गेले. हे कुणाला सांगणार नाही.

उरली इनपुटच्या रेघेतली कुरकुर. स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून टोकाशीच स्प्रिंग लावली, तशी निम्मे काटे गेले. ती वायरच अँटेना झाली होती. तरी ३०० मिलिव्होल्ट राहिलेच. दुसरा अडॅप्टर लावल्यावर रेघ सरळ. मग जुना खोलला, पण प्लग काढून, बराच वेळ ठेवून आणि मीटरनं बघून. मेनच्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात, तिथे घाई नको. त्याच्या आउटपुटच्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं डोकं फुलक्यासारखं टम्म फुगलेलं. त्या जागी लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) बसवला, कुरकुर ४० मिलिव्होल्टवर आली.

आत्ता सेल ३.९१ वर आहे. आयसीवर बोट ठेवून पाचपर्यंत मोजता येतं. आई मघाशी दुसऱ्यांदा डोकावून गेली. "अरे, दिवा देतोस की मेणबत्त्या आणू?"